बेबाकीचा कागद

संगप्पा बेंबळगे आयुष्यात सगळ्यांत जास्त कशाला भ्याले असतील, तर भिंतीला. त्र्याण्णवच्या भूकंपात निलंग्याकडच्या त्यांच्या गावातलं दगडमातीचं घर बसलं आणि आई त्याखाली गेली. उजाडल्यावर त्यांनी पाहिलं, तर घर नाही, गोठा नाही, पण ज्या जमिनीवर ते उभं होतं ती जिथल्या तिथं होती. तेव्हापासून या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की घराचा भरवसा नाही, जागा मात्र कुठं जात नाही. पुढं अठ्ठावीस वर्षं लातूरच्या एका दाल मिलमध्ये ते फिटर होते आणि पगारातून जे काही उरायचं ते जागेत जायचं. आधी शहराबाहेर दीड गुंठा, मग तो विकून थोडं आत, मग तेही विकून आणखी थोडं आत. रविवारी रत्नम्माला स्कुटीवर मागं बसवून ते मोकळे प्लॉट बघत फिरायचे. रत्नम्मा भालकीकडच्या, रागावल्या की कानडीत शिरायच्या. त्या शेजारणींना सांगायच्या, "लोक बायकोला बागंत नेतात. आमचे हे हद्दीच्या खुंट्या दाखवायला नेतात."

मिलमध्ये त्यांच्या कानाला मान होता. एखादं बेअरिंग जाणार असलं की दोन दिवस आधी त्यातून एक बारीक आवाज येतो, तो दुसऱ्या कुणाला ऐकू यायचा नाही, संगप्पांना यायचा. मालक चारचौघांत सांगायचा की या माणसामुळं माझी मिल कधी बंद पडली नाही. पगार मात्र त्यानं त्या मानानं कधी वाढवला नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं.

भूकंपानंतर अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या या नवरा-बायकोला थारा दिला तो मुरुडच्या सिद्धेश्वर अप्पांनी. अप्पा त्याच मिलसाठी मुरुडच्या बाजारातून तूर खरेदी करायचे. दोघांनी एकाच मठात एकाच स्वामींकडून दीक्षा घेतलेली, म्हणजे गुरुबंधू. लिंगायतांत हे नातं सख्ख्या भावाच्या खालोखाल धरतात. अप्पांच्या घरात संगप्पा आणि रत्नम्मा अकरा महिने राहिले. अप्पांच्या बायकोनं, शिवगंगा वहिनींनी, अकरा महिने दोन्ही वेळचं ताट वाढलं आणि एकदाही ते उपकार म्हणून वाढलं नाही. त्यांचा मृत्युंजय तेव्हा शाळेत होता. संगप्पांच्या खांद्यावर बसून तो जत्रेला गेलेला.

हा मृत्युंजय पुढं शिकला, अमेरिकेत डलासला गेला आणि तिकडंच राहिला. अप्पा वारले तेव्हा आला. वडिलांच्या नावाचा लातूरला बार्शी रोडच्या बाजूला एक प्लॉट होता, त्यावर दोन गाळे, भाड्यानं दिलेले. अप्पांच्या मृत्युपत्राप्रमाणं त्याचं एकट्याचं नाव लागलं आणि मृत्युंजयनं तो विकायचं ठरवलं. बाहेरचं गिऱ्हाईक चाळीसच्या वर द्यायला तयार होतं. मृत्युंजय म्हणाला, "काका, तुम्ही घेणार असाल तर अडतीस." संगप्पांनी निवृत्तीचे पैसे, हातातला जुना प्लॉट आणि रत्नम्माच्या पाटल्या असं सगळं एकत्र केलं. म्हातारपणाची सोय झाली, दोन गाळ्यांच्या भाड्यात दोन माणसं जगतील, असा हिशेब. इसार मठात दिला. स्वामींनी इसारपावतीला विभूती लावली आणि सौदा पक्का झाला. त्यांच्यात असा सौदा मोडत नाहीत आणि त्यात कागद फार वाचतही नाहीत.

खरेदीखत लिहिताना दस्तलेखकानं विचारलं, "देणाऱ्याचा पत्ता?" मृत्युंजय तिकडचा पत्ता सांगायला लागला, तर संगप्पांनी त्याला अडवलं. वडिलांना जाऊन वर्ष झालं नाही आणि आपण या पोराला परदेशी लिहायचं, हे त्यांच्या जिवाला लागलं.

"मुरुड लिहा," ते म्हणाले. "बापाचं घर हाय तिथं. हे काय परकं हाय का?"

मृत्युंजयचे डोळे भरून आले. दस्तलेखकानं मुरुड लिहिलं. मग त्यानं विचारलं, रक्कम पन्नास लाखांच्या आत आहे ना, मग कर-बिर काही कापायचा नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. जानेवारी तेवीसमधली ही गोष्ट.

त्यानंतर अडीच वर्षं संगप्पा सुखात होते. महिन्याच्या पाच तारखेला भाडं यायचं. ते गाळ्यांसमोर जाऊन उभे राहायचे, आत जायचे नाहीत, नुसतं बघून यायचे.

मग एका बुधवारी दुपारी रविकिरणचा फोन आला. रविकिरण त्यांचा मुलगा, नांदेडला औषधांच्या दुकानात कामाला. बापाच्या पॅनकार्डाला त्यानंच स्वतःचा ईमेल जोडून दिलेला.

"बाबा, इन्कम टॅक्सची नोटीस आलीया तुमच्या नावानं. तुम्ही प्लॉट घेताना कर कापला न्हाई म्हणून ते पैसे राहिलेत. सात लाख नव्वद हजार आणि त्यावर व्याज. समदं मिळून दहाच्या वर जातंय. तुमच्याकडनं का वसूल करू नये, पंधरा दिवसांत खुलासा द्या म्हणून लिवलंय."

"आपण विकलं कुठं? आपण तर घेतलंय," संगप्पा म्हणाले. त्यांना खरंच वाटलं की नोटीस चुकून आली. ज्यानं पैसे दिले त्याच्याकडंच सरकार आणखी पैसे कसे मागेल?

दुसऱ्या दिवशी ते सुकन्याकडं गेले. सुकन्या म्हणजे मिलच्या जुन्या हमालाची पोरगी, सी.ए. झालेली, लातुरातच तिचं ऑफिस. तिनं नोटीस वाचली, खरेदीखत वाचलं आणि पत्त्यावर बोट ठेवून थांबली.

"काका, हे राहतात कुठं?"

"मुरुडचा हाय."

"राहतात कुठं?"

"डलासला."

"किती वर्षं?"

"चौदा-पंधरा."

सुकन्यानं समजावून सांगितलं. विकणारा इथं राहणारा असेल तर पन्नास लाखांच्या आत काही कापावं लागत नाही. पण तो परदेशात राहणारा असेल तर रक्कम किती का असेना, घेणाऱ्यानं कर कापायचा, सरकारात भरायचा आणि उरलेली रक्कमच त्याच्या हातात द्यायची. कापला नाही तर जबाबदार घेणारा. खरेदीची माहिती रजिस्ट्री ऑफिसातून आपोआप जाते आणि मृत्युंजयच्या पॅनवर तो अनिवासी दिसतो, म्हणून हे निघालं.

"घाबरू नका," ती म्हणाली. "त्यांनी त्या वर्षी इथं रिटर्न भरून आपला कर भरला असेल, तर तसं सी.ए.चं प्रमाणपत्र आपण जोडू. मग मूळ रक्कम तुमच्याकडनं मागत नाहीत. थोडं व्याज पडेल तेवढं."

"आणि भरला नसंल तर?"

"तर मग सगळं तुमच्याकडनं. पण आधी त्यांना विचारा तरी."

माणूस घाबरला की त्याला अर्धंच ऐकू येतं. संगप्पा जिना उतरले तेव्हा त्यांच्या कानात एकच वाक्य उरलं होतं, सगळं तुमच्याकडनं.

घरी येऊन त्यांनी मृत्युंजयला फोन लावला. लागला नाही. व्हॉट्सॲपवर बोलून संदेश टाकला, "बाळा, काकाला फोन कर, थोडं काम होतं." एकच टिक आली. संध्याकाळी बघितलं, एकच. सकाळी बघितलं, एकच. चौथ्या दिवशी त्यांनी रविकिरणला फोन करून विचारलं की एक टिक म्हणजे काय. म्हणजे त्यांचा फोन बंद असंल, नाहीतर त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलं असंल, रविकिरण म्हणाला. हा दुसरा अर्थ त्यानं सांगितला नसता तर बरं झालं असतं.

रत्नम्मा म्हणाल्या, "मुरुडला वहिनींना विचारा की. त्यांच्याकडं नंबर असंलच."

"काय तोंडानं विचारू? कशाला पायजे म्हणल्या तर काय सांगू? तुमच्या पोरानं कर भरलाय का बुडवलाय, ते विचारायचंय म्हणून सांगू?"

ज्या घरात अकरा महिने जेवलो त्या घराला हिशेब विचारायचा कसा, ही लाज एकीकडं आणि दहा लाखांची भीती दुसरीकडं, अशा कात्रीत ते सापडले. दहा लाख आणायचे म्हणजे प्लॉट विकायचा. विकायला काढला तर नोटिशीचं कळल्यावर घेणार कोण आणि कितीला? आणि विकला तर खायचं काय? निवृत्तीचे पैसे त्यात, पाटल्या त्यात. रविकिरणच्या पगारात त्याचंच भागत नव्हतं. डोकं सारखं या चकरा मारत राहायचं.

त्यांची भूक गेली. ताटावर बसायचे आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून राहायचे. "ऊट माडरी," रत्नम्मा जेवायचा आग्रह करायच्या, आधी प्रेमानं, मग रागानं, मग नुसत्या समोर बसून राहायच्या. बँकेचा मेसेज आला की खातं गोठवलं असेल असं वाटून संगप्पा तो उघडायचेच नाहीत, रत्नम्माला उघडायला लावायचे. गॅस सिलिंडरची सबसिडी जमा झाल्याचा मेसेज त्यांनी असाच घाम पुसत ऐकला. मिलमधल्या बेअरिंगसारखा एक बारीक आवाज आता त्यांना आपल्याच छातीत येतोय असं वाटायचं. गाळ्यांकडं जाणं त्यांनी बंद केलं. तिथं दारावर जप्तीचा कागद डकवलेला दिसेल, ही त्यांची भीती.

दहाव्या दिवशी गाळ्यातल्या भाडेकरूचा फोन आला. दोन माणसं येऊन गेली, बाहेरून फोटो काढले, मालकाचं नाव विचारून लिहून घेतलं. ते घरपट्टीच्या सर्व्हेवाले होते, सगळ्या रस्त्याचेच फोटो काढत गेले, हे पुढं चार दिवसांनी कळलं. त्या वेळी संगप्पांनी एवढंच ऐकलं की माणसं आली, फोटो काढले, नाव लिहून घेतलं. त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि रत्नम्माला न सांगता बस स्टँड गाठलं.

मुरुडपर्यंतच्या तासाभरात त्यांनी काय बोलायचं ते मनाशी नीट जुळवलं होतं. नुसता नंबर मागायचा, सहज म्हणून. पण भीती तासभर दाबून ठेवली की ती तोंडातून बाहेर पडताना रागाचं रूप घेऊन पडते.

शिवगंगा वहिनी पंच्याहत्तरीच्या. घराचा पुढचा भाग भाड्यानं देऊन मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. "किती दिसांनी, भावजी. रत्नम्माला न्हाई आणलं?"

संगप्पांनी तांब्याला हात लावला नाही. "वहिनी, मृत्युंजयनं माझं वाटोळं केलं."

त्यांनी नोटीस दाखवली. दहा लाख सांगितले. पंधरा दिवस सांगितले, त्यातले दहा गेल्याचं सांगितलं.

"मृत्युंजय असं करायचा न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"मग फोन बंद करून का बसलाय? पैसे घेतले आणि निघून गेला. तिकडं त्याला कोण धरणार हाय? धरणार मला. तुम्हा मायलेकांवर इश्वास ठेवला आणि म्हातारपणी रस्त्यावर आलो मी."

मायलेकांवर, असं ते म्हणाले. वहिनींचा या सौद्याशी काही संबंध नव्हता, त्या त्या दिवशी रजिस्ट्रीला आल्यासुद्धा नव्हत्या. शब्द तोंडातून गेला तेव्हा संगप्पांना तो कळला, पण त्यांनी तो मागं घेतला नाही.

वहिनींनी गळ्यातली चांदीची डबी काढली, उघडली आणि आतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. या समाजात लिंग हातावर घेतात ते पूजेला. व्यवहारासाठी, पैशाअडक्यासाठी ते हातावर घ्यायची वेळ कुणी कुणावर आणत नाही. "माझ्या लेकानं तुमचं बुडवलं असंल, तर हे लिंग माझं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

संगप्पांनी त्यांना अडवायला पाहिजे होतं. वहिनी, राहू द्या, एवढं म्हणायला पाहिजे होतं. ते म्हणाले नाहीत. उलट त्या वेळी ते त्यांच्या तोंडाकडं बघत होते, खरं बोलतायत की नाही हे ताडत होते. पुढं कित्येक दिवस त्यांना स्वतःचं हेच बघणं आठवत राहिलं आणि त्याची त्यांना किळस आली.

डबी बंद करून वहिनींनी भिंतीकडं हात केला. पंख्याच्या बटणाशेजारी निळ्या खडूनं मोठ्या आकड्यांत एक नंबर लिहिलेला होता, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसावा असा.

"ह्यो त्याचा तिकडचा नंबर. लिवून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मृत्युंजयचाच फोन आला. "काका, तुम्ही लावत होता तो माझा भारतातला नंबर होता. मी गावाकडं आलो की तेवढा चालू करतो. मला काहीच माहीत नव्हतं." त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्या वर्षीच्या जुलैमध्येच पुण्याच्या सी.ए.कडून त्यानं रिटर्न भरलेलं होतं, प्लॉटचा कर भरलेला होता, पावती होती. प्रमाणपत्र तोच सी.ए. दोन दिवसांत देईल, म्हणाला. संगप्पा ओट्यावरच बसले. रत्नम्मा धावत आल्या. ते नुसते हातानं खुणावत होते की भरलाय, भरलाय, त्यानं भरलाय. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"काका," मृत्युंजय फोनवर म्हणाला, "आईला काय बोललात तुम्ही? मला ती काही सांगेना. नुसती म्हणती, आधी त्यांचं काम कर."

संगप्पा म्हणाले, "काही न्हाई रं बाळा. मी बोलतो वहिनींशी."

चौदाव्या दिवशी सुकन्यानं खुलासा पाठवला. मूळ रक्कम आता मागणार नाहीत, म्हणाली. मृत्युंजयनं रिटर्न भरेपर्यंतच्या महिन्यांचं व्याज तेवढं बसेल, पन्नास-पंचावन्न हजार. त्या दिवशी संगप्पा दोन भाकऱ्या जेवले. रविवारी त्यांनी पेढ्यांचा पुडा घेतला आणि मुरुडची बस धरली. माफी मागायची, पाया पडायचं, वहिनी रागावतील, दोन शब्द बोलतील, मग चहा टाकतील. अकरा महिने ज्यांनी वाढलं त्या एवढ्यानं तोडणार नाहीत, असं ते वाटेनं स्वतःला सांगत होते.

वहिनींनी पुडा घेतला आणि फडताळात ठेवला. संगप्पा पाया पडायला वाकले तर त्या मागं सरल्या. "बसा," म्हणाल्या. त्यांनी गादीखालून एक पाकीट काढलं आणि पुढं ठेवलं. "व्याज पंचावन्न हजार बसणार म्हणून मृत्युंजयला तुम्ही सांगितलं. त्यानं पाठवलेत. घ्या."

"वहिनी, ते माझं हाय. मी चूक केली, मी भरीन. हे नगं."

"न्हाई. घ्या. आणि मला बेबाकी लिवून द्या."

सोसायटीचं कर्ज फिटलं की सोसायटी बेबाकी देते, याच्याकडं आता काही येणं राहिलं नाही असा कागद. संगप्पांनी अशा बेबाक्या बँकेत पाहिल्या होत्या, मिलमध्ये पाहिल्या होत्या. घरात कुणी मागितलेली त्यांनी पाहिली नव्हती.

"वहिनी, तुमच्या-माझ्यात कागद कशाला?"

"लिवा," शिवगंगा म्हणाल्या. "मृत्युंजय तिकडं हाय. मी आज हाय, उद्या न्हाई. त्यो पुन्हा कधी आला आणि तुम्ही त्याला रस्त्यात धरलं, की बाकी हाय म्हणून, तर त्याच्या बाजूनं कोण बोलणार? मला भ्या वाटतंय. मागल्या येळंला तुमचं तोंड बघितलं तवापासनं डोळा लागंना मला."

त्या रागानं बोलत नव्हत्या. त्या खरंच घाबरल्या होत्या, संगप्पांना घाबरल्या होत्या. गेले पंधरा दिवस जी भीती त्यांच्या छातीत होती ती आता या म्हातारीच्या डोळ्यांत समोर दिसत होती आणि तिथं ती त्यांनीच नेऊन ठेवली होती.

त्यांनी वहीचा कागद घेतला. मृत्युंजय सिद्धेश्वर यांच्याकडून प्लॉटच्या व्यवहारापोटी मला सर्व रक्कम मिळाली, माझी काही बाकी नाही, पुढे मागणार नाही. सही केली. तारीख घातली. वहिनी चौथी शिकलेल्या. त्यांनी ओळीखाली बोट सरकवत सगळं वाचलं, "पुढे मागणार नाही" तेवढं दोनदा वाचलं. मग पुढच्या खोलीत नव्यानंच राहायला आलेल्या नीलाबाईंना हाक मारली, साक्षीदार म्हणून सही करायला.

नीलाबाई अंगणवाडीत कामाला होत्या, महिन्याभरापूर्वीच आलेल्या. त्यांनी सही केली, पेन परत दिलं आणि संगप्पांकडं बघून विचारलं, "हे कोण, आजी? तुमचे पाहुणे?"

"न्हाई," शिवगंगा कागदाची घडी घालत म्हणाल्या. "लातूरचे हायत. प्लॉटचं काम होतं त्यांचं."

संगप्पांनी मान हलवली, हो म्हणून.